एक-नऊ-तीन-शून्य

आमच्या आणि आक्कांच्या परड्यामध्ये पूर्वी शेराची वई होती. तिला मधोमध एक भगदाड होतं, त्यातून विरजणाची वाटी, काड्यापेटी, सुनांच्या कागाळ्या, सगळं इकडून तिकडं जायचं. मग मागच्या उसात बिबट्याची बछडी सापडली नि दोन्ही घरांनी निम्मा निम्मा खर्च घालून सहा फुटी जाळी मारली. आता वाटी वरून द्यायची तर दोघींनी दगडावर चढावं लागतं. गप्पा काही थांबल्या नाहीत, फक्त त्यांची उंची वाढली.

मग एक दिवस सकाळी आक्का दगडावर चढल्या. हातात सूप, सुपात घेवडा, पण शेंग एक मोडत नव्हत्या.

"बाई, तुमची भाची घोडेगावच्या कोर्टात वकिली करती ना? कधी येणार हाय?"

महाळुंगे पडवळात सकाळच्या पारी कुणी वकिलाची चौकशी केली की समजायचं, एक तर कुणी बांध कोरला, नाहीतर कुणाची सोयरीक मोडली. मी बांध धरला.

"बांधाचं काय झालं का?"

"बांध असता तर बरं. बांध कुठं जातो, हितंच राहतो. आमचं अडतीस हजार चारशे गेलं. नातवानं घालवलं. त्या बंदुकीच्या खेळात."

मी चाळीस वर्षं मास्तरकी केली. आक्कांच्या दोन्ही पोरांना मी शिकवलंय, नातवाला बाराखडी मीच गिरवून दिली. तेरा वर्षांचं पोर, आठवीत. गणितात बरा, बोलायला कमी. माझा पहिला प्रश्न तोच, जो तुम्हीही विचाराल, की त्याच्याकडं एवढे पैसे आले कुठून?

तात्या, म्हणजे आक्कांचे मालक, मंचरला खताच्या दुकानात गेले होते. दहा-सव्वीस-सव्वीसच्या चार गोण्या काढून ठेवल्या, फोन पुढं केला, तर पैसे जाईनात. दुकानदार म्हणाला शिल्लक नाही. तात्या म्हणाले, शिल्लक कशी नाही, दुधाचा पगार जमा झालाय, कांद्याची पट्टी जमा झालीय. तसेच तडक बँकेत. पासबुक मशीनमध्ये घातलं नि ते मशीन कर्र कर्र करत सुटलं. एक पान, दोन पानं, चार पानं. ७९, ७९, १५९, ३९९, पुन्हा ७९, मग एकदम ७९९. उंदरानं पोतं एका जागी फाडलं तर दिसतं, पण चारी कोपऱ्यांनी कुरतडलं तर पोतं उचलेपर्यंत कळत नाही, तसं झालं. तात्यांना वाटलं बँकेनंच काहीतरी केलं. तिथल्या पोरीनं शांतपणे सांगितलं, "आजोबा, सगळे तुमच्याच पिननं गेलेत."

त्या पिनचं तर विचारूच नका. चार आकडी पिन ठेवायचा होता, तात्या म्हणाले, विसरणार नाही असा ठेव. त्यांनी सांगितला १९३०. आता हा आकडा या गावात कुणाला माहीत नाही? बाबू गेनू सैद आमच्या गावचे. जन्म १९०८ चा, मुंबईत गिरणीत कामाला गेलेले. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवायला रस्त्यात आडवे झाले, ट्रक अंगावरून गेला, वय अवघं बावीस. डिंभ्याच्या धरणातल्या पाण्यालासुद्धा त्यांचंच नाव दिलंय. अंगणवाडीतलं पोरही साल सांगेल. पिन ठेवायचा तर निदान गावाबाहेरचा ठेवायचा! आणि मुळात तो पिन फोनमध्ये भरला कुणी? नातवानंच. तात्यांना त्यातलं काय कळतंय.

"मेसेज येत नव्हते का?" मी विचारलं.

"येत होते की. पोरगंच पुसून टाकायचं. मला म्हणायचं, आजी, जाहिराती येतात लय."

एवढं ऐकलं नि पलीकडच्या घरची जाऊबाई धुण्याची बादली तिथंच ठेवून आली. आमच्या जाळीला तीन घरं लागतात, त्यामुळं इथं काही दोघींत राहत नाही. जाऊबाई म्हणाली, "शाळंनीच तर फोन हातात दिला." तिचं अगदीच चूक नाही. २०२० ला शाळा बंद पडल्या तेव्हा हे पोर तिसरीत. माझ्या वर्गातली निम्मी पोरं आंब्याच्या झाडावर चढून रेंज शोधायची. घरात एक फोन, तो तात्यांचा. शाळा उघडली तरी फोन काही पोराच्या हातून परत आला नाही.

रात्री म्हणे गोधडीच्या टाक्याटाक्यांतून उजेड दिसायचा. आक्कांना वाटायचं अभ्यास करतोय बॅटरी लावून. सांगताना आक्कांचं तोंड कसनुसं झालं. जुन्या नऊवाऱ्यांची ती गोधडी आक्कांनीच शिवलेली, तिच्यात बसून पोर कुठल्या तरी बेटावर माणसं मारत होतं.

जाऊबाईला भलताच उत्साह. "पण तो खेळ सरकारनं बंद केला होता ना?"

तेव्हा मी माझं मास्तरपण बाहेर काढलं. बंदी आली होती पबजीवर, २ सप्टेंबर २०२० ला, आणखी ११७ ॲपांबरोबर. पण ती काही पोरांच्या काळजीनं आलेली नव्हती. जूनमध्ये गलवानला आपले जवान मारले गेले होते, त्यानंतर चिनी ॲपांवर जी कुऱ्हाड पडली तीत हेही गेलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६९-अ कलम लावलं, देशाच्या सुरक्षेचं. त्याआधी दीड वर्ष एका अकरा वर्षांच्या मुलानं आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती, की हा खेळ बंद करा, मुलं हिंसक होतायत. अकरा वर्षांचं पोर बरं का! कोर्टानं केंद्राला सांगितलं, बघा यात आक्षेपार्ह काय आहे ते. पोरानं कोर्टात मागितलेलं पदरात पडायच्या आत सीमेवरच्या भांडणानं ते होऊन गेलं. आणि राहिलं किती दिवस? २०२१ च्या जुलैत तोच खेळ कपडे बदलून, देशी नावानं परत आला. २०२२ ला पुन्हा अडवला, २०२३ ला पुन्हा सोडला.

तात्या तोवर बाजेवर बसून ऐकत होते. गाडाशौकीन माणूस. त्यांनी तिथूनच हात उडवला. "बंदीचं मला सांगू नका. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा बंद केला. सात वर्षं. घाटात कुणी बैल पळवले नाहीत म्हणता? पहाटे चारला पळायचे. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली तेव्हा आपल्या बैलांना घाट दाखवावा लागला नाही, त्यांना पाठच होता." मग थोडं थांबून, "पण बैलाला रातच्याला दावणीला बांधता येतं."

रविवारी भाची आली. आक्कांच्या ओसरीवर पासबुक पसरलं नि तिनं पेन घेऊन नोंदींना खुणा करायला सुरुवात केली. काहींना गोल, काहींना फुली, बाकीच्या नुसत्या. मला वाटलं होतं एक अर्ज लिहील, एक नोटीस धाडेल नि चहा घेऊन जाईल. तिनं आधी विचारलं, "फोन कुठाय?"

तात्या म्हणाले, विहिरीत टाकणार होतो.

"टाकू नका. पुरावा आहे तो. आणि खेळपण पुसू नका, त्यातच सगळं लिहिलेलं असतं, कधी काय घेतलं ते. आधी सगळ्याचे फोटो काढून ठेवा."

घ्या! म्हणजे ज्या भुतानं घर धरलं त्याला आता देव्हाऱ्यात ठेवून पुजायचं.

गोल केलेल्या नोंदी दोनच होत्या. मिळून साडेसहा हजार. पोराला विचारलं तर खाली बघून म्हणालं, आयडी घेतला. आक्कांना कळेना आयडी म्हणजे काय. कुणीतरी खेळून खेळून वरच्या पायरीला पोचवलेलं खातं विकायला काढतो, ते आयतं घ्यायचं. म्हणजे तयार खोंड विकत घेण्यासारखं, शिकवायचा त्रास नाही. मोबाइलवरच कुणी भय्या भेटला, आधी दोन हजार घेतले, मग पोलिसाची भीती घालून साडेचार हजार आणखी घेतले नि गायब झाला. खोंड नाही आला, दावंपण गेलं.

भाची म्हणाली, "ही सरळ फसवणूक. याला १९३० ला फोन लावायचा."

तात्या म्हणाले, "तो पिन झाला माझा. फोन नंबर सांग."

"तात्या, नंबरच १९३० आहे."

"अगं पिन आहे तो!"

"सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर, एक-नऊ-तीन-शून्य. देशभर एकच."

तात्या तिच्याकडं बघत राहिले. नंतर उठून आत जाऊन पाणी पिऊन आले. मला हसू आवरेना, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी निराळं होतं, आपल्या देवाचं नाव दुसऱ्या गावच्या जत्रेत ऐकल्यासारखं. भाचीनं समजावून सांगितलं, हा नंबर घाईचा असतो. तक्रार गेली की ती बँकेबँकेत पुढं सरकते नि पैसे ज्या खात्यात गेले तिथं अजून पडून असतील तर तिथल्या तिथं गोठवतात. पण चोर काही पैसे उशाला घेऊन झोपत नाही, तासाभरात पुढं लावून देतो. आमचे नऊ दिवस झाले होते. तरी फोन लावला, तक्रारीचा क्रमांक मिळाला, आणि त्या खात्यात शिल्लक राहिलेले एकवीसशे गोठले. हातात अजून आलेले नाहीत, पण निदान चोराच्याही हातात नाहीत.

फुलीच्या नोंदी शेवटच्या दोन दिवसांतल्या, एक ७९९ ची नि एक ३९९ ची. त्या पोराच्या बापानं आधीच परत मिळवल्या होत्या. बाप चाकणला कंपनीत असतो. ज्या दिवशी पासबुक छापलं त्याच रात्री त्यानं ज्या ॲपच्या दुकानातून खरेदी झाली तिथंच परताव्याची मागणी टाकली. अठ्ठेचाळीस तासांच्या आत मागितलं तर पोरानं चुकून घेतलेलं बहुतेक परत मिळतं म्हणे. बापाला हे इतकं चटकन कसं ठाऊक, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. त्याचं उत्तर पुढं येतं.

राहिले तीस हजार सातशे दोन. हे खरं भांडण. फसवलं कुणी नाही, चोरी नाही, खेळ परवानगीचा, पिन आपला.

भाचीनं तात्यांना विचारलं, "सातबाऱ्यावर अ.पा.क. लिहिलेलं बघितलंय का कधी?"

"न बघायला काय झालं. माझ्याच नावापुढं होतं. बाप गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा. अ.पा.क. आई."

"अज्ञान पालन कर्ता. कायद्यात अठराच्या आतल्या पोराला अज्ञान म्हणतात. अज्ञानानं केलेला करार करारच नसतो."

१८७२ च्या करार कायद्यातलं ते अकरावं कलम. पुढं १९०३ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं कलकत्त्याच्या एका खटल्यात ते पक्कं केलं. तिथंही एक पोरगाच होता, सज्ञान व्हायच्या आत वीस हजारांच्या कर्जापोटी घर गहाण टाकलेला. सावकार म्हणाला माझे पैसे द्या, कोर्ट म्हणालं तो कागदच मुळात नाही. सावकारानं हात चोळले. भाची म्हणाली, पोरानं वय खोटं सांगितलं तरी अज्ञान तो अज्ञानच. आणि या पोरानं सांगितलं होतंच खोटं. खेळात जन्मसाल टाकलं होतं १९७५. बाप त्याचा १९८५ चा! बापापेक्षा दहा वर्षांनी थोरला मुलगा आमच्या पंचक्रोशीत पहिल्यांदाच झाला.

"मग झालं की," जाऊबाई जाळीतून ओरडली. तिला वाटलं निकाल लागला.

"एवढं सोपं नाही," भाची म्हणाली. "कंपनी म्हणणार, आम्हाला काय माहीत पोर होतं? फोन आजोबांचा, खातं आजोबांचं, पिन आजोबांचा. करार आम्ही आजोबांशी केला."

तात्या म्हणाले, "मग अज्ञान तर मीच निघालो."

ओसरीवर सगळे हसले. पोरगंपण हसलं, पहिल्यांदा.

वाट एक आहे, ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे पुण्यात. कंपनी सिंगापूरची असो की बंगळूरची, तिच्या दारात जायचं काम नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, अर्ज घरबसल्या ई-जागृती पोर्टलवर भरता येतो. त्याआधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन लावायचा, पुष्कळदा तिथंच तडजोड होते. आणि नुसतं 'पोर चुकलं' असं रडगाणं न गाता, त्या खेळानं पोराला कसं ओढलं ते मांडायचं. दोन मिनिटांत संपणार असं खोटं घड्याळ, पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर येणारी तीच पाटी, नको म्हणायचं बटण मुद्दाम बारीक. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं अशा तेरा क्लृप्त्यांना बंदी घातलीय. अमेरिकेत याच नि मुलांच्या खासगी माहितीच्या मुद्द्यावर २०२२ च्या डिसेंबरात फोर्टनाइटवाल्या एपिक गेम्सनं बावन्न कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं. त्यातले साडेचोवीस कोटी न कळत बटण दाबून घेतल्या गेलेल्या खरेद्यांच्या परताव्यासाठी. त्याच महिन्यात कॅनडातल्या क्युबेकमध्ये कोर्टानं आईबापांना त्याच कंपनीवर सामूहिक दावा चालवायची परवानगी दिली. त्या दाव्यात नुसता पैसा नाही, मुलांना व्यसन लागेल असाच खेळ बनवला, हा आरोप आहे. आपल्याकडं त्या वाटेनं अजून कुणाचा गाडा गेल्याचं भाचीच्या ऐकिवात नाही. मला विचाराल तर खरी गोष्ट तीच आहे, पण कोर्टात तिचं वजन काट्यावर घालायचं कसं? रुपये मोजता येतात. सहा महिन्यांच्या रात्री कुठल्या पासबुकात छापून आणायच्या?

पोराला मी विचारलं, एवढ्या पैशांत घेतलंस काय? म्हणालं, पेट्या. पेटी फोडायची, आत काय निघेल ते निघेल. कधी बंदुकीला रंग, कधी टोपी, बहुतेकदा काही नाही. मला आपली यात्रा आठवली. रिंग टाकायची नि साबणाच्या वडीवर बसली तर वडी आपली. पण तिथं खिशातले वीस रुपये संपले की आई बखोट धरून न्यायची, नि कधी ना कधी वडी तरी मिळायची. बेल्जियमनं २०१८ मध्येच या पेट्यांना जुगार ठरवून टाकलं.

"आपल्याकडं पण झालाय ना जुगाराचा कायदा?" आक्का म्हणाल्या. "मागच्या श्रावणात."

झालाय. २०२५ च्या ऑगस्टात. लोकसभेत २० तारखेला, राज्यसभेत २१ ला, राष्ट्रपतींची सही २२ ला, दूध नासायच्या आत झालं म्हणा. पैसे लावून पैसे जिंकायचे जे खेळ, मग ते रमी असो की क्रिकेटची टीम लावणं, ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद नि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं नि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

हे भाची सांगत होती नि पोराचा बाप उठून गोठ्याकडं चालला. तात्यांनी बरोबर हेरलं. "बस हितं. कुठं चाललास?" आणि मग बाहेर पडलं, की बाप दोन वर्षं रोज रात्री एकोणपन्नास रुपये लावून टीम बनवत होता. किती गेले, त्यानं सांगितलं नाही, आक्कांनी विचारलं नाही. परतावा चटकन कसा मागायचा ते त्याला कसं ठाऊक, ते कळलं एकदाचं. जाऊबाईनं त्यातही मीठ घातलं, "अहो, २०२५ च्या जुलैत कृषिमंत्र्यांचाच व्हिडिओ फिरत होता ना सभागृहात रमी खेळल्याचा?" त्यांनी ते नाकारलं होतं, हे मी सांगितलं. "पण खातं बदललंच ना?" बदललं. शेतीचं गेलं, क्रीडा मिळालं. "बघा," आक्का म्हणाल्या, "खेळणाऱ्याला शिक्षा नाही."

गंमत अशी की त्या कायद्यानं बापाचा खेळ बंद झाला, पोराचा नाही. पोराच्या खेळात पैसे जातात, पण परत मिळायची आशा कुणी दाखवत नाही, म्हणून तो जुगार नव्हे, करमणूक. आणि मुलांची माहिती आईबापांच्या संमतीशिवाय वापरायची नाही, त्यांच्या मागावर राहून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात लिहिलंय, मोडलं तर दोनशे कोटींपर्यंत दंड. पण त्याचे नियम आले २०२५ च्या नोव्हेंबरात, नि कंपन्यांना तयारीला अठरा महिने. तोवर पोर नववी पार करेल.

भाची गेल्यावर आम्ही पुन्हा जाळीला चिकटलो. जाऊबाईच्या मावसबहिणीचं सासर सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात. तिथल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून देवळावर भोंगा बसवलाय. संध्याकाळी सातला वाजला की फोन नि टीव्ही बंद, साडेआठला पुन्हा वाजला की सुरू. सुरुवातीला पुरुषमंडळी हसली म्हणे, पण बायांनी मनावर घेतलं. त्याच वर्षी यवतमाळात पुसद तालुक्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेनं अठराच्या आतल्यांना मोबाइलबंदीचा ठरावच केला. वकील म्हणेल, ग्रामसभेला कुणाच्या हातातला फोन काढून घ्यायचा अधिकार कुठल्या कलमानं? नसेलच. चीनमध्ये तो सरकारला आहे, २०२१ पासून पोरांना शुक्रवार-शनिवार-रविवारी नि सरकारी सुटीला रात्री आठ ते नऊ एवढाच खेळ. दक्षिण कोरियानं दहा वर्षं मध्यरात्रीनंतर पोरांना खेळ बंद ठेवला नि शेवटी कायदाच मागं घेतला. कोरियातली पोरंसुद्धा आजोबांच्या नावानंच खेळत असणार, असा मला संशय आहे.

"आपल्याकडं सातला भोंगा?" आक्का म्हणाल्या. "सातला तर डेअरीची रांग असती."

"आणि भोंगा वाजला तर लोकांना वाटंल बिबट्याच आला," जाऊबाई म्हणाली.

हसलो, पण त्यातच सगळं आलं. आमच्या जुन्नर-आंबेगावात दिवस मावळला की पोर बाहेर सोडत नाहीत. पिंपरखेडची लेकरं बिबट्यानं नेली त्यानंतर तर नाहीच, मंचरला लोकांनी महामार्ग अडवून धरला होता तो उगाच नाही. माझ्या वर्गातली पोरं दिवेलागणीपर्यंत आट्यापाट्या खेळायची, त्यांना घरात ओढून आणावं लागायचं. आता आईच म्हणते, घरात बस, हा घे फोन. उसातल्या जनावराला पिंजरा लावायला वनखात्याला सांगता येतं, माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात नेऊन ठेवता येतं. फोनमधल्या जनावराला कुठला पिंजरा? शहरातल्या डॉक्टरांनी पोरांना मैदानावर न्या म्हणून सांगायला काय जातं, त्यांच्या मैदानाला ऊस लागलेला नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं याला आजारच म्हटलंय, २०२२ पासून यादीत लागू. पण उठसूट नव्हे. ताबा सुटलेला, बाकी सगळं मागं पडलेलं, नुकसान दिसत असूनही चालूच, आणि हे साधारण वर्षभर टिकलेलं, तर. आमच्या पोराचं अजून तिथवर गेलेलं नाही, असं मला वाटतं. तो जेवतो, शाळेत जातो, परवा गोठ्यात वासराला धरून उभा होता. तरी मी आक्कांना दोन नंबर लिहून दिले, मुलांचा १०९८ आणि मनाच्या त्रासाचा टेली-मानसचा १४४१६, दोन्ही फुकट. पुण्यात मुक्तांगण आहे, व्यसनमुक्तीसाठी १९८६ ला काढलेलं, तिथं आता मोबाइलसाठीही लोक येतात. आक्कांनी चिठ्ठी परत केली नि म्हणाल्या, "बाई, एवढं कशाला? पोरगं काय दारू पितंय?"

मग मी त्यांना किवळ्याचं सांगितलं. इथून दीड-दोन तासांवर, पिंपरी-चिंचवडला. २०२४ च्या जुलैत पंधरा वर्षांचं हुशार पोर अशाच एका खेळापायी जिवाला मुकलं. वहीत खेळाचे नकाशे काढलेले होते, आणि एका कागदावर लिहिलं होतं, लॉग ऑफ. आईबापांना त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं.

आक्कांनी सूप खाली ठेवलं. जाऊबाई बादली उचलून गेली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आक्कांनी नंबरांची चिठ्ठी परत मागितली, चोळीत नीट घडी करून ठेवली.

परवा तात्यांनी बँकेत जाऊन पिन बदलला. गावभर सांगितलं, बदलला, पण काय ठेवला ते कुणालाच सांगणार नाही, आक्कांनासुद्धा नाही. बरीच ऐट होती. ग्राहक आयोगाचा अर्ज भाची या आठवड्यात भरतेय, फोन देव्हाऱ्याच्या फळीवर आहे, संध्याकाळी सात ते साडेआठ पोर तात्यांबरोबर डेअरीच्या रांगेत उभं राहतं, किटली धरून.

काल दिवेलागणीला मी तुळशीपाशी होते. पोरगं किटली घेऊन जाळीपाशी आलं, इकडंतिकडं बघितलं नि हळूच म्हणालं, "बाई, नवा पिन २०२१ आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. बैलगाडा परत सुरू झाला ते साल. तात्यांना तेवढंच आठवतं." किटली या हातातून त्या हातात घेत म्हणालं, "तुम्ही सांगा त्यांना, बदला म्हणावं. मी सांगितलं तर मारतील."

मी दगडावर चढले नि आक्कांना हाक मारली.